राहिलेला खांदा

पलटणीच्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर खुद्द मास्तरांनाही क्षणभर डोकं खाजवावं लागलं असतं. छावणीतल्या मैदानामागच्या लांबट खोलीत, एका खिडकीच्या उजेडात त्यांनी चौतीस वर्षं सुई ओढली होती. आता नजर अधू झाली होती, कंबर कुरकुरत होती आणि रविवारपासून कायमची सुट्टी होती. आनंद वगैरे काही होत नव्हता, नुसता थकवा होता.

त्यांचं खरं काम लाल गोफाचं. एकतीस वर्षांपूर्वी या पलटणीनं शत्रूसमोर एक पूल अकरा दिवस धरून ठेवला, म्हणून सरकारनं तिला ‘मानाची पलटण’ केलं. निशाणाला सोनेरी कड आली, संचलनात पहिली रांग मिळाली आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर विणलेला लाल गोफ आला. पण मान पलटणीचा, माणसाचा नव्हे. काल भरती झालेलं पोरगंही गोफ लावून मिरवायचं, आणि पलटण सोडताना प्रत्येकानं मास्तरांपुढे ताठ उभं राहायचं. मास्तर ब्लेडनं सात टाके उसवायचे आणि म्हणायचे, “पलटणीचं पलटणीला मिळालं.” तो सलाम ठोकायचा आणि मोकळा व्हायचा. असे किती खांदे शिवले नि उसवले, त्याला गणती नाही.

एक खांदा तेवढा राहिला होता, आणि तो घरचाच. धाकट्या भावाचा.

धाकटा त्या पुलावर होता. नवव्या दिवशी त्याचा पाय गेला. तो दवाखान्यात पडून असताना हजेरीपटावरून नाव उडालं, आणि बारा दिवसांनी मानाचा हुकूम निघाला. हुकुमाच्या तारखेला पटावर असेल त्यालाच गोफ! पूल धरणारे निम्मे मातीत, उरलेले बहुतेक खाटेवर. गोफ लागले ते नव्या भरतीला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मास्तरांनी तीन वेळा अर्ज केला. साहेब तीन झाले, उत्तर एकच आलं: नियमात बसत नाही.

धाकट्यानं मात्र कधी चकार शब्द काढला नाही. छावणीलगतच्या दोघांच्या घरी बसून घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या गप्प बसण्याचाच मास्तरांना जास्त त्रास व्हायचा.

आता पलटणच मोडली होती. मान वाया जाऊ नये म्हणून तिचा आकडा, निशाण आणि गोफ ट्रक चालवणाऱ्या दुसऱ्या पलटणीला बहाल झाले. मास्तरांचं शेवटचं काम म्हणजे त्या ड्रायव्हरांचे गोफ शिवणं. एकानं विचारलंसुद्धा, “मास्तर, कसला पूल होता हो तो?”

मास्तरांनी दातानं दोरा तोडला. “होता एक,” ते म्हणाले. “पुढचा ये.”

शनिवारी निघताना त्यांनी एक गोफ खिशात घातला. चौतीस वर्षांत सरकारी सुईसुद्धा घरी नेली नव्हती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं “काय मास्तर, सुटलात!” म्हटलं, तेव्हा त्यांनी खिशावर हात दाबून धरला.

दुपारी त्यांनी ट्रंकेतून धाकट्याची जुनी वर्दी काढली आणि गोफ शिवला. टाके बारीक, गाठी दुहेरी. जन्मात सुटायचा नाही, असा.

धाकट्यानं वर्दी चढवली. पोटावरची बटणं लागेनात. “वर्दी आटली की मी फुगलो रे?” तो हसला. कपाटाच्या आरशात त्यानं खांदा बराच वेळ पाहिला. मग कुबडी भिंतीला टेकवून, एका हातानं टेबल धरून तो एका पायावर ताठ उभा राहिला.

“आता उसव, दादा.”

“वेड लागलंय का तुला? एकतीस वर्षांनी लागलाय!”

“सगळ्यांना तू समोर उभं करून सोडलंस. माझं नाव मी बेशुद्ध असताना उडवलं. मला कुणी सोडलंच नाही रे. छावणीची पहाटेची शिट्टी झाली की अजून उठून बसतो मी.”

मास्तरांनी ब्लेड घेतलं. स्वतःच्याच गाठी त्यांना सुटेनात. धाकट्याची मांडी थरथरत होती, पण तो बसला नाही. सातवा टाका तुटला तेव्हा मास्तर सरळ सरळ रडत होते.

“पलटणीचं… पलटणीला मिळालं.”

धाकट्यानं सलाम केला आणि खुर्चीत अंग टाकलं. “हुश्श,” तो म्हणाला. “दमलो बाबा.”

रविवारी पहाटे शिट्टी झाली तशी मास्तरांना जाग आली. सवयीनं त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. धाकटा घोरत होता.