धुतलेला दगड

ढोमणे सर बसण्याआधी खुर्ची पुसायचे आणि उठल्यावरही पुसायचे. आपण बसल्यामुळे ती मळली असं त्यांना वाटत असावं. स्वतःबद्दलचा तेवढा एक अंदाज त्यांचा बरोबर होता.

भिलाईत दोरीवरच्या पांढऱ्या कपड्याला संध्याकाळपर्यंत स्टील प्लांटच्या धुळीची लाली चढते. पण हा माणूस जुनवानीच्या घरून पांढरा शर्ट घालून कॉलेजात यायचा आणि तसाच पांढराशुभ्र परत जायचा. मी भिलाईच्याच खुर्सीपार वस्तीतली, बाबा प्लांटमध्ये कामाला. पहिल्या भेटीत सरांनी माझ्या मार्कांआधी माझी नखं पाहिली. "मूळची भंडाऱ्याकडची हायेस ना? मग जमते आपलं. मले फक्त घाण चालत नाही," म्हणाले. मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला लागले. दुर्बुद्धी, दुसरं काय!

आमच्या लॅबमध्ये तेलाच्या विहिरींतून काढलेल्या खडकाचे, मोठ्या बुचाएवढे तुकडे यायचे. लोकांना वाटतं जमिनीखाली तेलाचं तळं असतं. तसं काही नसतं. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं असतं आणि ते ढकलायला वरून पाणी सोडतात. पाणी तेलाला ढकलणार की मधूनच पळून जाणार, हे छिद्रांच्या भिंतीला कोण चिकटून बसलंय त्यावर ठरतं. कोरी पणती पाणी पिते, तेल मुरलेली पणती पीत नाही. एवढीच गोष्ट, आणि तिच्यावर माझा अख्खा थीसिस.

सर तुकडे टोल्युइनमध्ये, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या रसायनात, उकळून धुवायला लावायचे. धुतात सगळेच. पण नंतर तुकडा त्याच विहिरीच्या तेलात काही आठवडे गरम ठेवून मुरवायचा असतो, म्हणजे तो जमिनीखाली होता तसा होतो. इथे सर अडायचे. "आंघोळ झाल्यावर कोणी चिखलात लोळते का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन ते हात धुवायला जायचे.

एकदा मी त्यांना दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवले. धुतलेल्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो टाकताक्षणी आत गेला. न धुतलेल्यावरचा थेंब गोळा होऊन नुसता बसून राहिला.

"पाहा ना सर, धुतला की दगडाचा स्वभावच बदलून राहिला."

"घाणीले स्वभाव म्हणतेस तू?" सरांनी न धुतलेला तुकडा चिमट्याने उचलून दूर ठेवला. "पहिले स्वच्छता, मंग सायन्स."

न धुतलेले असे तीनच तुकडे उरले होते. सरांचं म्हणणं खोटं दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी ते गुंडाळून कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवले. सोमवारी येऊन बघते तर तिन्ही टेबलावर, गोरेपान! रविवारी सर एकटे येऊन धुऊन गेले होते. "तू थकली दिसत होती. म्हटलं, पोरीचं काम आपणच करून टाकावं," ते कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. माणूस दुष्ट असता तर भांडून मोकळी झाले असते. या माणसाने माझं वाटोळं मायेनं केलं.

त्या धुतलेल्या दगडांचे आकडे फार देखणे आले. पाणी सोडा, भरपूर तेल येईल, असा रिपोर्ट सरांनी विहिरींच्या मालक तेल कंपनीला पाठवला आणि खाली माझंही नाव घातलं. काही महिन्यांनी कंपनीचा इंजिनिअर स्वतः आला.

"सर, पानी डाला तो पानी ही वापस आ रहा है. तेल वहीं का वहीं. धोने के बाद क्रूड ऑइल में रखा था क्या?"

मला वाटलं, आता तरी सर चूक मानतील. त्यांनी रुमाल काढून टेबलाची कड पुसली आणि म्हणाले, "फिर आपकी ज़मीन ही गंदी होगी."

इंजिनिअरने चहा अर्धा सोडला आणि फाईल उचलून निघून गेला. सर माझ्याकडे वळले. "तू कावून तोंड पाडून बसली? तुया थीसिस तर झाला. आण, सही करतो."

"नको सर. हे आकडे त्या दगडाचे नाहीत, तुमच्या धुण्याचे आहेत. त्यांच्याखाली माझं नाव नको."

"एवढं स्वच्छ काम," ते म्हणाले, "अन् तुले नाव नको?" त्यांना खरोखर कळलं नव्हतं. वाईट वाटल्यासारखा त्यांचा चेहरा मात्र झाला होता.

गेलेली वर्षं गेली. मी नागपूरला दुसरा गाइड शोधला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सर वारल्याचा आईचा भिलाईहून फोन आला तेव्हा मी दगड तेलात मुरत ठेवत होते. आईला म्हटलं, तू जाऊन ये, मले काम आहे.