दहा मिनिटांतल्या चार फेऱ्या

सिंगापूरमध्ये घर गरम करायचा खर्च आम्हाला पडत होता, हे सांगितलं की लोक हसतात. पण तो पडत होता, आणि का पडत होता ते मी नीट सांगू शकते.

आमचा बुकित बातोकचा फ्लॅट 'थ्री-रूम'. म्हणजे हॉल धरून तीन खोल्या, झोपायच्या दोनच. नाशिकहून सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांचा पलंग मुलीच्या खोलीत लागला. मुलीला घामाने अंगभर पुरळ उठायचं, त्यामुळे रात्री एसी हवाच. सासूबाईंचे गुडघे संधिवाताचे, एसीत ते धरायचे. आजी एसी बंद करायची, नात उठून लावायची. "आजी, सो हॉट, ला," ती इथल्या इंग्रजीत झोपेतच म्हणायची. दोघींचंही खरं होतं.

माझ्या नवऱ्याने यावर उपाय म्हणून हीटर आणला आणि आईच्या पलंगाशी ठेवला; आई झोपली की तोच येऊन लावायचा. एका भिंतीवर थंड करणारं यंत्र, दुसरीशी गरम करणारं, आणि दोघांची रात्रभर झुंज. मी तेव्हाच म्हटलं होतं, "हे बिल मी बघणार आहे, तू नाही."

पण बिल आधी सासूबाईंनी बघितलं. पोस्टात तीस वर्षं नोकरी केलेली बाई. कागद हातात आला की आकडा आधी शोधणार. जेवताना त्या म्हणाल्या, "माझा इथे राहायचा पास संपायला तीन आठवडे आहेत ना? वाढवू नका. माझं तिकीट काढा."

नवरा म्हणाला, "आई, बिलाचं काय एवढं?"

"माझ्या गुडघ्यांसाठी दोन माणसांची वीज जाळायची, हे मला झेपत नाही."

नाशिकला त्यांचं कोणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचं कुलूपबंद घर आणि लिफ्ट नाही. त्यांना जाऊ द्यायचं नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं. पण आग्रहाने त्या थांबल्या नसत्या. हिशेबाने थांबल्या असत्या.

खोली गरम करायची गरजच नव्हती. गरम व्हायला हवा होता फक्त पलंग. ऑफिसातली एक मैत्रीण मेलबर्नला जात होती, तिच्याकडून मी गादीवर अंथरायची विजेची चादर मागवली. हीटर हजार वॅटचा, चादर साठ वॅटची. युनिटला वीस सेंट धरले तर आठ तासांच्या रात्रीला हीटर एक डॉलर साठ सेंट खाणार, चादर दहा सेंटसुद्धा नाही.

चादर घातली, हीटर माळ्यावर टाकला. तीन दिवस सकाळी एकच उत्तर: "तुझी चादर काही तापत नाही गं."

वायर तपासली, ॲडॉप्टर बदलला. चौथ्या दिवशी त्या दिवा मालवून आडव्या होत असताना मी दारात उभी राहिले. त्यांनी सवयीने हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं.

"आई, हे काय?"

"झोपताना सगळी बटणं बंद करायची असतात. घरातलं कोणी जागं नसताना वीज चालू ठेवतात का?"

"मग एसी?"

"तो तुमच्या लेकीचा."

रविवारी सकाळी त्यांना बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेले. आमच्या दाराशेजारच्या कपाटात विजेचं मीटर होतं, आत फिरणारी चकती. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा. खुर्ची टाकून त्यांना बसवलं. "दहा मिनिटं फेऱ्या मोजा. मी सांगितलेलं ऐकू नका."

त्यांनी जपमाळ काढली. आधी हीटर लावला. चकतीवरची काळी खूण समोर आली की एक मणी. समोरची चिनी शेजारीण कचरा टाकायला आली, आमच्याकडे बघून म्हणाली, "मीटर स्पॉइल आह?" म्हणजे मीटर बिघडलंय का. मी मान हलवून नाही म्हटलं. सासूबाईंनी डोळासुद्धा हलवला नाही.

"सदुसष्ट," त्या म्हणाल्या.

मग हीटर काढून चादर लावली. चकती चालते आहे की नाही तेच कळेना. मणी धरलेला अंगठा तसाच थांबून राहायचा. घड्याळ माझ्या हातात होतं. त्यांनी ते दोनदा मागून पाहिलं.

"चार."

"चारच."

"घड्याळ बरोबर आहे ना?"

"तुमच्या मुलाचं आहे."

"म्हणजे पुढे असेल," त्या म्हणाल्या आणि पुन्हा दहा मिनिटं मोजायला लावली. पुन्हा चारच. माळ पिशवीत ठेवून त्या उठल्या, गुडघ्यावर हात दाबून क्षणभर उभ्या राहिल्या. "फ्रिज लाव आधी, दूध नासेल. आणि त्या पासाचा फॉर्म कुठे मिळतो?"

फॉर्म मी आठवड्यापूर्वीच आणून ठेवला होता. त्यांचं मन बदलायच्या आत जेवणाआधीच भरला आणि सही घेतली.

बटण त्या रात्रीपासून चालू राहिलं. पहाटे उठल्या की मात्र आधी ते बंद, मग पाय जमिनीवर.