घण्या आणि गाजराची माशी

घण्याने पहिली माशी मारली ती फावड्याने. माशी तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, चकचकीत, पिवळ्या पायांची. फावडं मात्र दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. माशी मेली की नाही देव जाणे, पण गाजराची अकरा कोवळी रोपं जागच्या जागी भुईसपाट झाली. दुसरी माशी उडाली, त्याने पुन्हा फावडं हाणलं. पाच मिनिटांत वाफ्याचा एक कोपरा चटणी वाटावी तसा झाला.

मोटारींच्या स्प्रिंगांचे पाटे करणाऱ्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं लालभडक लोखंडावर घण घातला होता. तिथेच त्याचं नाव घण्या पडलं आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. त्याचा राग नाकावर नव्हता, थेट हातात होता. नाकावरचा राग निदान आधी दिसतो तरी. एकदा दरवाजा अडकला म्हणून त्याने तो बिजागरीसकट उपटला होता, आणि फिरस्त्या विक्रेत्याने दोनदा घंटी वाजवली म्हणून त्याची पेटी रस्त्यावर भिरकावली होती. बायकोच्या अंगावर किती वेळा हात उचलला, हे त्याने कधी मोजलं नाही. मोजायचं काम तिच्याकडे होतं.

गेल्या वर्षी गाजरं काढायला झाली त्याच आठवड्यात त्याचा चष्मा हरवला. बायकोने कुठेतरी ठेवला असणार, ही त्याची खात्री. तिने नाही म्हटलं. मागच्या दारात उभी होती, त्याने ढकललं. तीन पायऱ्या खाली ती फरशीवर आपटली आणि कमरेचं हाड मोडलं. चष्मा त्याच्या कपाळावरच होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्या दिवशी त्या घरात कोणी हसलं नाही. डॉक्टरला तिने सांगितलं, "पाय घसरला." त्यानंतर घण्याशी ती एक शब्दही बोलली नाही. अख्खी थंडी गेली, बाई मागच्या खिडकीशी बिछान्यात पडून होती आणि तोंडातून चकार शब्द नव्हता.

तिची शुश्रूषा करायला धाकटी बहीण आली होती. ती शिवणकाम करायची. आपलं मशीन उचलून आणून तिने ते स्वयंपाकघरात मांडलं होतं, आणि घण्याला ती घाबरत नव्हती.

"भावजी, एक आत्ताच सांगून ठेवते," ती म्हणाली होती, "ताई काठी घेऊन चालायला लागली की मी तिला माझ्याकडे नेणार. कायमची."

"ती येणार नाही."

"ते ती सांगेल."

पण ती कुणाला काय सांगणार हे घण्याला कळायला मार्ग नव्हता. विचार करकरून त्याला एकच गोष्ट सुचली. मागच्या अंगणातली गाजरं ही बायकोची वीस वर्षांची हौस. ओंजळभर माती चाळून, बोटाने रेघ ओढून ती बी पेरायची, आणि पहिलं गाजर धुऊन तिथेच उभ्याने खायची. आपण यंदा तिच्यासाठी गाजरं काढायची. टोपलीभर लालचुटुक, गुळगुळीत गाजरं तिच्या मांडीवर ठेवली की ती काहीतरी बोलेलच. निदान 'धुतली नाहीत का' एवढं तरी. तेवढ्यासाठी हा धिप्पाड माणूस रोज गुडघ्यांवर बसून तण उपटत होता. जीव अडकला होता त्याचा त्या वाफ्यात.

आणि म्हणूनच माशी दिसली की तो पिसाळायचा. फावड्यानंतर फळी आली, फळीनंतर चामड्याचा जुना पट्टा. रोज सकाळी वाफ्यावर फटाफट आवाज व्हायचा. पानं फाटायची, हिरवा उग्र वास सुटायचा, आणि दुसऱ्या दिवशी माश्या दुप्पट. शेवटी कुंपणापलीकडच्या न्हाव्याला राहवेना. हा माणूस इतका मवाळ की दाढी करतानासुद्धा गिऱ्हाइकाची परवानगी घ्यायचा.

"रागावू नका," तो कुंपणाआडून म्हणाला, "पण पान चुरगळलं की वास सुटतो, आणि त्या वासानेच ती येते. तुम्ही तिला मारत नाही, बोलावताय. बारीक जाळी लावा. ती फार उंच उडत नाही."

हे घण्याला पटलं. जाळीला सांगाडा हवा, सांगाडा म्हणजे लोखंड, लोखंड म्हणजे आपलं काम. मेहुणीने मच्छरदाणीचं कापड जोडून शिवून दिलं. घण्याने सळया वाकवल्या, छातीएवढा पिंजरा उभा केला, कापड चारी बाजूंनी हातभर मातीत गाडलं आणि वरून कारखान्यातले मोडके पाटे ठेवले. मुंगीला शिरायची सोय ठेवली नाही. खिडकीकडे पाहून तो मोठ्याने म्हणाला, "आता येऊ दे कोण येतंय ते!"

खिडकीतून बायको पाहत होती. तिने तोंड उघडलं, मग मिटलं.

दहाव्या दिवशी जाळीच्या आत माश्या होत्या. दोन-चार नव्हे, कापडाला आतून चिकटून रांगत होत्या. पानांच्या कडा तांबूस पडल्या होत्या. घण्याने चारी कडा तपासल्या, शिवण नि शिवण चाचपली. भोक नव्हतं. मग ही घाण आली कुठून? त्याच्या डोक्यात एकच उत्तर लखकन चमकलं. न्हाव्याचा वाफा शेजारीच होता आणि त्याला जाळीबिळी काही नव्हती. शहाणपण शिकवायला आला, आणि आपली पीडा माझ्या गळ्यात सोडली!

न्हाव्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं होतं. घण्याने न्हाव्याची मान मागून धरली आणि त्याचं तोंड आरशावर आपटलं. आरसा तडकला. "जाळी कुणी उचलली? बोल!" न्हावी नाकातलं रक्त पुसत "अहो, मी कशाला" एवढंच म्हणत होता. आधारासाठी त्याने टेबलाच्या उघड्या खणाच्या कडेवर हात टेकला, आणि घण्याने तो खण लाथेने बंद केला. हाडं मोडल्याचा आवाज फेस लावलेल्या माणसानेही ऐकला. उजव्या हाताची तीन बोटं. ज्या बोटांवर त्या माणसाचं पोट होतं, तीच.

तेवढ्याने भागलं नाही. तिथून तो न्हाव्याच्या अंगणात शिरला आणि त्याचा वाफा दोन्ही हातांनी ओरबाडायला लागला. पुरावा हवा होता त्याला. एक गाजर उपटलं, मग दहा, मग सगळीच. बोटाएवढी कोवळी, पण स्वच्छ होती. एकालाही भोक नाही, एकातही अळी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. पोलीस आले तेव्हा तो त्या ढिगाऱ्यात बसून एकेक गाजर मोडून आत बघत होता.

तिसऱ्या दिवशी त्याला सोडलं, खटला पुढे चालणारच होता. घरी आला तर मागच्या अंगणात बायको उभी. काठीवर, पण उभी. मेहुणीने जाळीची एक बाजू फाडली होती, आणि बायकोच्या पायाशी चार-पाच गाजरं पडली होती. त्यांत काळे बोगदे होते, आणि बोगद्यांत पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या.

"माशी बाहेरून आलीच नाही," बायको म्हणाली.

सात महिन्यांनी ऐकलेला तो आवाज घण्याला आधी ओळखूच आला नाही.

"गेल्या वर्षीची गाजरं तुम्ही काढलीच नाहीत. जमिनीत कुजू दिलीत. अळ्या तिथेच मातीत कोष करून बसल्या. म्हणून एका वाफ्यात लागोपाठ दोनदा गाजर लावायचं नसतं. तुम्ही त्याच मातीत पेरलंत, आणि वरून जाळी ठोकलीत. बाहेर जायलासुद्धा वाट ठेवली नाहीत."

"मग सांगितलं का नाहीस?" घण्याचा आवाज चिरकला. "खिडकीतून बघत होतीस ना? एक शब्द बोलली असतीस तर त्या बिचाऱ्याची बोटं—"

"तोंड उघडलं होतं मी," ती म्हणाली. "पण तुम्हाला काही सांगायचं तर आधी मागे पायरी नाही ना, हे बघावं लागतं. बिछान्यातून ते दिसत नाही."

मेहुणी आतून पिशवी घेऊन आली आणि ती ताईच्या हातात देऊन मशीन आणायला परत वळली. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. घण्याला समजलं. त्याला खूप काही म्हणायचं होतं, पण एकतीस वर्षांत त्याच्या तोंडाला तशी सवयच लागली नव्हती. पिशवी जड होती, कमर अजून पुरती भरली नव्हती. त्याला खरंच कळवळा आला आणि तो पुढे झाला.

काठी फरशीवर पडली. बायकोने डोळे गच्च मिटून दोन्ही हात डोक्यावर घेतले होते आणि ती भिंतीशी आक्रसून उभी होती.

घण्याने फक्त पिशवी धरायला हात पुढे केला होता. तो हात तसाच राहिला, आणि कुठे ठेवावा हे त्याला समजेना.