वर्षाचा कॉम्प्युटर आणि माझी आई

दहावीचा निकाल लागला आणि त्या जूनमध्ये बाबांनी मला डोंगरकड्याहून हिंगोलीच्या एसटीत बसवलं. माझ्यापेक्षा माझ्या सामानाचीच काळजी सगळ्यांना जास्त होती. पेटी एकच, पण पोती तीन. गहू, तूर आणि हळद. लेक मामाच्या घरी फुकट खाते असं कुणी म्हणायला नको. माझा भाऊ प्रकाशदादा पोती टपावर चढवत होता आणि कंडक्टर विचारत होता, की पोरगी शिकायला चालली की दुकान टाकायला. आई खिडकीशी आली. रडली नाही. "मामाचं घर हाय म्हून पसरून बसू नको. हात रिकामा दिसू देऊ नको," एवढंच म्हणाली. त्या एका वाक्यानं माझ्या पुढच्या दोन वर्षांचं काय केलं, ते गाव सोडून आलेल्यांना कळेल आणि गावात राहिलेल्यांना कदाचित जास्त कळेल.

हिंगोली तेव्हा जिल्हा झाली नव्हती. पण तिथल्या एका कॉलेजात अकरावी सायन्सला कॉम्प्युटर सायन्स घेता यायचं. त्यासाठी मराठी आणि बायोलॉजी सोडावं लागायचं. मी दोन्ही विषय आनंदानं सोडले. माझ्याबरोबर मामाच्या वर्षानंही सोडले. वर्षा माझ्याच वयाची. ती प्रकाशदादाची बायको होणार, हे आम्ही दोघी फ्रॉकात असल्यापासून ठरलेलं होतं. आमच्याकडे मामाच्या लेकीवर आतेभावाचा हक्क पहिला. त्यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. पाऊस कधी पडतो यावर होते, तेवढीही नाही.

मामाचं बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान होतं. अकरावीच्या दिवाळीत त्यानं वर्षासाठी कॉम्प्युटर आणला. नारळ फुटला, मॉनिटरला कुंकू लागलं, मामीनं जुन्या साडीचं झालर लावलेलं कव्हर शिवलं. गल्लीतले लोक चपला बाहेर काढून बघायला आले. मी स्वयंपाकघरातून त्यांना चहा नेऊन देत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. खोटं कशाला सांगू? मला तो कॉम्प्युटर हवा होता. असा दुसरा नव्हे, तोच, आणि तोही वर्षाकडे नसलेला.

कॉलेजात मशीन मोजकी आणि त्यातली निम्मी आजारी. सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, आणि प्रॅक्टिकलला एका कीबोर्डवर चार-चार पोरं. पुढं मुलं, मागं मुली. म्हणजे शिकायचं ते घरीच. पण घरी लाईट कधी असायची? दिवसभर भारनियमन. लाईट यायची नेमकी दिवेलागणीला, आणि दिवेलागणीला भाकऱ्या. मामीनं मला कधीही काम सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. पण आईचं वाक्य कानात होतं. लाईट आली की वर्षा धावत बाहेरच्या खोलीत जायची आणि मी परातीपुढं बसायचे. बाहेरून की दाबल्याचा टकटक आवाज यायचा. मी भाकरी थापत फॉर लूप मनातल्या मनात चालवायचे. कुठं चुकलं ते कळायचं नाही, कारण चूक सांगायला समोर मशीन नव्हतं. वर्षा तिथून हाक मारायची, "मंगल, ये ना गं, तुझा बी करून बघू." मी म्हणायचे, आले. परात पुसेपर्यंत लाईट जायची.

आणि ती हुशार होती, हे तर त्याहून वाईट. एखादी मंद बुद्धीची, लाडावलेली पोरगी असती तर माझा हेवा तरी सुखानं जगला असता. वर्षाचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालायचा. नाही चालला तर ती हसायची, आणि ओठ पुढं काढून स्क्रीनकडे बघत बसायची, आणि मग चालायचा. सर म्हणायचे, वर्षा, तू जरा बाकीच्यांना दाखव. ती सर्वांत आधी मला दाखवायला यायची. मला तिचं ते शिकवणं सहन व्हायचं नाही आणि त्याच्याशिवाय भागायचंही नाही.

बारावीच्या फेब्रुवारीत मी चार दिवस गावी गेले. हळदीचा हंगाम होता. रानात हळद शिजवायच्या काहिली लागल्या होत्या, शिजलेल्या हळदीचे ढीग पडले होते, आणि आमच्याकडे त्या दिवसांत हात, पदर, भिंती, सगळंच पिवळं असतं. मीही वेचायला बसले. हिंगोलीला परत आले त्या दुपारी नवल म्हणजे लाईट होती, आणि मामी, वर्षा देवळात गेल्या होत्या. मी कव्हर काढलं आणि मनसोक्त बसले. तासाभरानं बघते तर पांढऱ्या कीबोर्डवर पिवळ्या बोटांचे ठसे. घामानं ओली झालेली बोटं, ती कुठं कुठं फिरली त्याचा सगळा पत्ता तिथं उमटलेला. मी घाबरून ओल्या फडक्याला कपड्याचा साबण लावला आणि घासलं. हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे डोंगरकड्यात रांगतं लेकरूही जाणतं. मी हळदवाल्याच्या घरची आणि तेच विसरले. सगळ्या की कुंकवासारख्या लाल झाल्या.

तेवढ्यात दोघी आल्या. मी सांगायला तोंड उघडलं, पण वर्षा माझ्या आधी बोलली. "माझ्याच हातून झालं ते, सकाळी पूजा करताना." मामी तिच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "येडी हायेस." संपलं. त्या रात्री मला झोप आली नाही. तिनं मला वाचवलं याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की तिच्या चुकीवर तिची आई हसते, आणि माझी आई साठ किलोमीटर दूर आहे. माझ्या चुकीवरही शेवटी तिचाच हक्क लागला होता.

परीक्षा झाली आणि मे महिन्यात, निकालाआधीच, वर्षाचं आणि प्रकाशदादाचं लग्न लागलं. माझ्यासाठी कुणी ठरलेलं नव्हतं, म्हणून मी मोकळी. बाबा माझ्याही लग्नाचं बोलायला लागले, तर मामाच आडवा आला. "पोरीला पुण्याला जाऊ द्या, शिकून राहिली ना चांगलं. मी हाव ना," म्हणाला. स्वतःच्या लेकीला बोहल्यावर उभी करून तो माणूस माझ्यासाठी भांडत होता. कॉम्प्युटरचं काय करायचं असा प्रश्न आला तेव्हा हळदीच्या साडीतली वर्षा म्हणाली, "मंगलला द्या. डोंगरकड्यात लाईट कुठं ऱ्हाते?" तसा तो माझा झाला. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, तिच्याकडे नसलेला कॉम्प्युटरसुद्धा.

निकाल लागला तेव्हा आमच्या रानात हळदीची लावणी चालू होती. दादानं दोघींचे निकाल आणले. कॉम्प्युटरला वर्षा कॉलेजात पहिली. ती सरीत बेणं लावत होती. "बरं झालं," म्हणाली आणि पुढचं बेणं लावलं. शेजारी आई होती, तिनं आपल्या पदरानं वर्षाचा घाम पुसला. मी बांधावर उभी होते. मला दोन गोष्टींचा हेवा वाटला. मार्कांचा कमी आणि पदराचा जास्त.

मग पुणं. होस्टेल, डिग्री, कंपनी, क्युबिकल, कॅब, रात्रीचे कॉल, शेवटी हप्त्यावरचा फ्लॅट. लाईट कायम असते. स्वयंपाकाला बाई येते, तिला मी पोळ्या सांगते, भाकरी सांगत नाही. आईला फोन केला की ती दोन वाक्यं बोलते आणि म्हणते, "थांब, वर्षाला देते, तिला समदं ठाव हाय." गुडघ्याला कुठलं तेल, यंदा हळद किती निघाली, गाय व्याली का, माझ्या जन्माच्या वेळी आईला काय डोहाळे लागले होते, सगळं वर्षाला ठाऊक. एकदा हट्टानं आईला पुण्याला आणलं. महिनाभर राहायचं ठरलं होतं, आठवडाही टिकली नाही. गॅलरीत उभी राहून म्हणायची, "वर्षा एकटीच करून राहिली असंल." वर्षा तिला अजून आत्याच म्हणते. लहानपणी आत्या म्हणजे सुट्टीपुरती असते. तिला ती कायमची मिळाली. आणि एक लक्षात आलं आहे. इतक्या वर्षांत वर्षानं माझ्या कामाबद्दल एकदाही विचारलेलं नाही. काय करतेस, कशात प्रोग्राम लिहितेस, काहीच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत डोंगरकड्याहून निघायच्या दिवशी मी ओट्याशी उभी होते. वर्षा माझ्यासाठी ज्वारीचं पीठ बांधून देत होती. बाहेर आई माझ्या पिशव्या दारात नेऊन ठेवत होती आणि प्रत्येक पिशवीगणिक वर्षाला विचारत होती, हे ठेवू का, ते ठेवू का. माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुझा हेवा वाटतो गं मला, वर्षा. लई दिवसांपासून."

ती थांबली नाही. गाठ मारली, हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं.

"मंग बदलून घेऊ," ती म्हणाली. "व्हय म्हण."

मी हसले. ती हसली नाही. ओठ थोडे पुढं काढून ती उभीच राहिली, खरंच उत्तराची वाट बघत. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. दादानं हाक मारली. तरी ती बघतच होती, आणि मी पिठाची पिशवी उचलली.

घर कुठलं, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी अजून डोंगरकडा सांगते. पण आता सांगताना जीभ जरा अडते. तिनं मला ते घर परत देऊ केलं होतं, आणि मी हो म्हणाले नाही.