सत्तेचाळिसाव्या किलोमीटरवरचा दोरा

कापडाच्या गिरणीत तिनं एकोणीस वर्षं काढली, तीही उभ्यानं. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्यात कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ पडलीय, कुठं वीण विरळ झालीय ते हिनं पकडायचं. चूक दिसली की खडूनं गोल करायचा. कापड कुणासाठी थांबायचं नाही. पापणी लवली की हातभर कापड पुढं निघून जायचं.

गिरणीला टाळं लागलं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. त्याच सुमारास महामार्गाच्या नियंत्रण कक्षात माणसं घेत होते. मुलाखतीला बसलेल्या साहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?"

"नाही," ती म्हणाली. "पण बघता येतं."

साहेब हसले. पण दहा मिनिटं तिला एका पडद्यासमोर बसवून त्यांनी मग काय काय दिसलं ते विचारलं, आणि उत्तर ऐकून हसायचे थांबले. पुढच्या सोमवारपासून ती कामावर रुजू झाली.

पहिल्याच दिवशी तिनं आपलं बारसं करून घेतलं. कडेला एक मोटार बंद पडलेली दिसली. सवयीनं हात खिशात गेला, खडू निघाला आणि तिनं लाखमोलाच्या पडद्यावर सरळ गोल काढला. खोलीत हशा पिकला. तेव्हापासून ती सगळ्यांची खडूताई.

खोली तशी साधीच होती. खिडक्या नाहीत, पायाखाली राखाडी गालिचा, कोपऱ्यात चहाचं मशीन. पण समोरच्या भिंतीवर अठ्ठेचाळीस पडदे, आणि त्या पडद्यांवर एकशे दहा किलोमीटरचा रस्ता. दोनशे बारा कॅमेरे उंच खांबांवरून तो रात्रंदिवस बघत असत. वाहन थांबलं, कुणी उलट्या दिशेनं आलं, कुणी पायी रस्त्यावर उतरलं, की यंत्र आपण होऊन बीपबीप करायचं. मग माणसानं बघायचं, गस्तीच्या गाडीला कळवायचं आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या फलकांवर सूचना टाकायची.

खडूताईला सुरुवातीला काही महिने रोज तोंडात बोट घालायची वेळ यायची. रस्ता तिनं आजवर बसच्या खिडकीएवढाच पाहिला होता. इथं तो एकदम, अखंड समोर पसरलेला. आणि तो नुसता वाहत नव्हता, तो वागत होता. पुढं कुणीतरी उगाच ब्रेक दाबायचं, मागच्याचा लाल दिवा लागायचा, मग त्याच्या मागच्याचा, आणि ती लाली उलटी, मागं मागं सरकत जायची. ज्यानं ब्रेक दाबला तो केव्हाच पसार, आणि चार किलोमीटर मागं शंभर गाड्या कारण नसताना उभ्या!

"म्हणजे कसं," ती घरी सांगायची, "पहिल्या गल्लीत कुणी शिंकावं आणि पाचव्या गल्लीतल्यानं रुमाल काढावा."

नवरा म्हणायचा, "तुला पगार शिंका मोजायचा मिळतो तर."

सासरे मात्र लक्ष देऊन ऐकायचे. ऐंशीच्या घरातले, बोलायला कमी. उभी हयात त्यांनी रोलर चालवला होता आणि हा महामार्ग झाला तेव्हा त्याच्यावरही त्यांचा रोलर फिरला होता. सून त्यांना मामंजी म्हणायची. एरवी सुनेशी त्यांचं बोलणं चहा आणि चष्मा यापलीकडे जायचं नाही, पण रस्त्याची गोष्ट निघाली की ते खुर्ची पुढं ओढत.

अशी नऊ वर्षं गेली. आणि एका मंगळवारी सकाळी, सत्तेचाळिसाव्या किलोमीटरच्या पडद्यावर, खडूताईच्या मनात पाल चुकचुकली.

तिथं काहीही झालेलं नव्हतं. यंत्र गप्प होतं. कडेच्या लेनमधून ट्रक येत होते, जात होते. पण गिरणीत जसं कापडाची वीण बिघडल्याचं आधी डोळ्याला टोचायचं आणि नेमकं कुठं ते मागाहून सापडायचं, तसं झालं. ती तासभर तो एकच पडदा बघत राहिली. मग उमगलं. ट्रक एका ठिकाणी आले की किंचित, अगदी हातभर, दुभाजकाच्या बाजूला सरकत होते आणि पुढं जाऊन पुन्हा आपल्या जागी येत होते.

तिनं पर्समधून पांढरा दोरा काढला, सरळ ताणून पडद्यावर चिकटपट्टीनं लावला, आणि किती गाड्यांची चाकं दोऱ्याला शिवतात ते मोजत बसली. शंभरातल्या एकाहत्तर.

महिनाभराचं चित्रण साठवलेलं असायचं. तिनं तीस दिवसांपूर्वीचं काढलं, तीच वेळ, तोच कॅमेरा, तोच दोरा. शंभरातल्या बारा.

साहेब राउंडला आले आणि दोरा पाहून थबकले. "ताई, आधी खडू, आता दोरा. उद्या शिवणयंत्र आणाल."

तिनं सगळं सांगितलं. साहेब माणूस सरळ होता, त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. "वाऱ्यानं कॅमेरा हलला असेल," ते म्हणाले.

"मग कडेची पांढरी रेघही हलली असती की. ती जागच्या जागी आहे."

गस्तीच्या गाडीला पाठवलं. तिथून निरोप आला, "रस्ता तळहातासारखा आहे. खड्डा नाही, भेग नाही, खडासुद्धा नाही."

साहेबांनी हात पसरले. "अपघात नाही, खड्डा नाही, तक्रार नाही. मी वर काय सांगू, ताई? आमच्या बाईंनी पडद्याला दोरा लावलाय?"

ते कोडं तिनं घरी नेलं.

संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना तिनं मामंजींना सगळं सांगितलं. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सत्तेचाळीस आकडा ऐकला आणि त्यांनी डोळे उघडले.

"सत्तेचाळीस? पाण्याच्या निळ्या टाकीच्या अलीकडं?"

"हो. टाकी दिसते कॅमेऱ्यात."

मामंजींनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "तिथं ओढा होता, पोरी. त्यात मोठा पाइप टाकला आणि वरून भराव घातला. उद्घाटनाची तारीख डोक्यावर. बारा दिवसांचं काम तीन दिवसांत उरकलं. मी मुकादमाला म्हटलं, माती बसली नाही अजून, रोलरखाली अंग हलवतेय. तो म्हणाला, वरून डांबर पडलं की बसेल गप्प."

"मग?"

"मग काय. बसलो गप्प. तीही आणि मीही."

सुनेच्या हातातली घडी तशीच राहिली. पस्तीस वर्षं हा माणूस ते पोटात घेऊन बसला होता.

बुधवारी सकाळी आठला ती साहेबांच्या टेबलापाशी उभी होती. यावेळी तिच्यापाशी दोऱ्याच्या जोडीला ओढा होता. साहेबांनी ऐकलं, डोकं खाजवलं आणि रस्त्याच्या इंजिनिअर बाईंना फोन लावला.

इंजिनिअर बाई दहा वाजता जागेवर पोचल्या. तिशीची, चुणचुणीत, कमी बोलणारी बाई. कडेची लेन अडवून त्यांनी डांबरात भोक पाडायला लावलं. खडूताई पडद्यावर बघत होती. भोक पडलं. माणसानं त्यात लोखंडी सळई सोडली. ती कुठंतरी अडायला हवी होती. अडली नाही. त्याच्या हातून निसटून सबंध सळई आत गेली.

तो माणूस दोन पावलं मागं सरला. मग सगळेच सरले.

बाईंनी वायरला बांधलेला बोटाएवढा कॅमेरा भोकातून खाली सोडला आणि त्याचं चित्र नियंत्रण कक्षात पाठवलं. अठ्ठेचाळिसाव्या पडद्यावर आधी नुसता काळोख आला. मग कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि खोलीतल्या सगळ्यांच्या खुर्च्या एकदम मागं सरकल्या.

रस्त्याखाली खोली होती. चार माणसं उभी राहतील एवढी. बाजूनं ओली माती, तळाशी फुटलेला पाइप, त्यातून झुळझुळत जाणारं पाणी. पाणी थेंबाथेंबानं माती नेत राहिलं होतं आणि वर आठ बोटं डांबर नुसतं अधांतरी, ट्रकांचं ओझं घेऊन.

फोनवर बाईंचा आवाज आला. "बघताय ना? ही सगळी बाजू बंद करा. आत्ताच्या आत्ता."

खडूताईच्या अंगावर काटा आला, पण तो पोकळीच्या भयानं नव्हे. तिला ते एकाहत्तर ट्रक आठवले, आणि त्यांच्या मागचे हजारो. रस्ता केसभर खचला होता, डोळ्याला दिसणार नाही इतका. एकाही चालकाला कळलं नव्हतं. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी घरी जाऊन बोललं नव्हतं. तरी प्रत्येकाच्या हातांनी स्टिअरिंग किंचित वळवलं होतं. एकट्याला न कळलेलं सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं, दिवसेंदिवस, त्याच जागी. ऐकायला उंच खांबावर तेवढा एक कॅमेरा होता.

पण विचार करायला सवड कुठली? भरधाव रस्ता बंद करणं म्हणजे नळ बंद करणं नव्हे. थांबलेल्या रांगेचं शेपूट हेच मोठं संकट. मागून शंभराच्या वेगानं येणाऱ्याला पुढची रांग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. "शेपूट तुम्ही सांभाळा," साहेब तिला म्हणाले.

तिनं फलक पेटवले. चौतिसाव्या किलोमीटरला ऐंशी, अडतिसाव्याला साठ, बेचाळिसाव्याला चाळीस. रांग वाढली की आकडे मागं सरकवायचे. शेपूट चव्वेचाळिसावर आलं, एकेचाळिसावर आलं, सदतिसावर. ते एका पडद्यावरून दुसऱ्यावर जात होतं आणि ती त्याच्या पुढं, म्हणजे मागं, पळत होती. तिनं आकडा बदलायचा आणि कित्येक किलोमीटर दूर, तिला कधी न बघितलेल्या शेकडो माणसांनी पाय अलगद उचलायचा. लाल दिवे लागायचे, एकामागोमाग एक, शांतपणे, कुठं धडक नाही, कुठं गोंधळ नाही. नऊ वर्षं तिनं रस्त्याला वागताना पाहिलं होतं. आज तो तिचं ऐकत होता.

तासाभरात सगळी वाहनं आडवाटेनं वळवली गेली. सत्तेचाळिसाव्या किलोमीटरवर चिटपाखरू उरलं नाही. इंजिनिअर बाईंनी आपली माणसंही दूर नेली.

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी रस्ता खाली गेला.

कॅमेऱ्यांना आवाज नव्हता. पडद्यावर आधी पांढरी रेघ वाकली, मग कडेची लेन घडी पडावी तशी आत झुकली, आणि दोन ट्रक मावतील एवढं डांबर गडप झालं. धुळीचा लोट निळ्या टाकीच्या वर गेला. खोलीत चहाच्या मशीनची घरघर तेवढी चालू होती.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "रोज यावेळी," ते म्हणाले, "इथून शाळेच्या बसगाड्या जातात."

त्या दिवशी कुणालाही खरचटलं नाही. पुढं चौकशी झाली, त्या बांधणीतले बाकीचे सगळे पाइप तपासले गेले, आणि आणखी दोन ठिकाणी पोकळी निघाली, लहान. गाडी आपल्या वाटेवरून किती सरकते ते मोजायचं यंत्रालाही शिकवलं गेलं. त्या नोंदीचं नाव कागदोपत्री लांबलचक आहे. खोलीत सगळे त्या नोंदीला "दोरा" म्हणतात. "आज दोरा काय म्हणतोय?" असं विचारतात आणि नवीन आलेले बुचकळ्यात पडतात.

घरी मात्र मामंजी आठवडाभर जेवले नाहीत धड. शेवटी इंजिनिअर बाईच भेटायला आल्या. त्यांनी आजोबांना विचारून विचारून जुन्या कामाचा नकाशा काढला. कुठं ओढा, कुठं विहीर, कुठं माती घाईनं दाबलेली. मामंजी दोन दिवस बोलत होते. सुनेनं त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

ओढ्यावर नवा पूल बांधून रस्ता खुला झाला त्या सकाळी साहेबांनी परवानगी दिली आणि खडूताई सासऱ्यांना घेऊन कामावर आली. मामंजी काठी टेकत आत आले आणि भिंतीसमोर उभे राहिले ते राहिलेच. चार वर्षं त्यांनी हा रस्ता बनवला होता, रोज पन्नास-शंभर पावलं. मागं वळून दिसायचा तेवढाच त्यांचा.

"हा सगळा?" त्यांनी विचारलं.

"सगळा. एकशे दहा किलोमीटर."

सत्तेचाळिसाच्या पडद्यावर पहिला ट्रक आला आणि सरळ निघून गेला. मागून दुसरा, तिसरा, मग मोटारींचा लोंढा. मामंजी एकेक पडदा बघत होते. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"इतकी माणसं," ते हलकेच म्हणाले. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं, की इतकी माणसं येणार आहेत."

साहेबांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं केली. ते बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि सुनेला म्हणाले, "पहिल्या किलोमीटरपासून दाखव. सावकाश."