शंकरमामाचा कोयता

दिग्रसच्या स्टँडवर रसवंतीचा वास आला की माझं डोकंच फिरतं.

मी लहान होते तेव्हा एकदा आमच्या तांड्यावर ऊसतोडीची गाडी उभी होती. विधवा आई आणि विधवा मावशी कोयते घेऊन चढू लागल्या. मुकादम तांड्यातलाच, आईकडून राखी बांधून घेणारा. भाऊ म्हणे! त्यानं अडवलं. "दोन बायांची जोडी होत नसते. संग गडी पायजे."

मावशी मागं राहिली. तिच्या जागी, दारू पिऊन पडलेल्या शंकरमामाला गाडीत घातलं.

हंगामभर मामा फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत झोपला. आई तोडायची, मी मोळ्या बांधायची. मुकादम म्हणायचा, "शंकऱ्याचा कोयता जोरात चालून राह्यला!"

आज स्टँडवर रसाचा ग्लास घेऊन मामा मलाच सांगतो, "ऊस बुडातून तोडा लागते, पोरी. मले इचार."