ठिबकणारी पाटी

मांडवीच्या गुणवंतीची मासळीची पाटी सदा ठिबकायची. चौऱ्याऐंशी साल उजाडलं, बाकीच्या बायका पाटीत प्लास्टिक अंथरू लागल्या, पण ही बया हट्टानं उघडी पाटी घेऊन फिरे. खारं पाणी पाठीवरून ओघळून लुगडं पार भिजे. बायका हसत, "गुणवंते, तू मासं इकतेस का पानी?" तीही हसे. हसणं भागच होतं.

कारण लुगडं नुसत्या मासळीच्या पाण्यानं भिजत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या खेपेला ती तीन दिवस अडली, मूल मेलेलं निघालं, आणि तेव्हापासून लघवी थांबेना. थेंब थेंब, दिवसरात्र. महिनाही झाला नव्हता तोच सासू आवडाबाईनं डोक्यावर पाटी दिली आणि बजावलं, "सुकट इकू नको. ओली मासळीच ने." ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर ओझं देणारी ही कसली बाई! गुणवंती मनातल्या मनात तिला शिव्या घालत आली. पण पाटीनं अब्रू राखली, एवढं खरं. मासळीच्या वासात दुसरा वास कोण हुंगतो? वर तिनं पाणी पिणंच तोडलं. पोटात गेलं नाही तर येईल कुठून, हे तिचं गणित.

आता थोरली कमळा उजवायची होती. लग्न वैशाखात. कन्यादानाला कोरं लुगडं नेसून पाटावर बसायचं, तिथं डोक्यावर पाटी कशी घेणार? तिनं जाऊ हौसाला सांगून टाकलं, "तूच बस." कमळा आठ दिवस आईशी बोलली नाही.

कार्तिकात वादळी वारा सुटला, होड्या बाहेर पडेनात. बाजारात सगळ्या सुकट घेऊन बसल्या. गुणवंतीही सुके बोंबील घेऊन आली, पण पाटीसकट समुद्रात बुचकळून. रोजचं गिऱ्हाईक, दवाखान्यातल्या गोदा नर्सबाई, बघून चक्रावल्याच. "अगं, सुकट कुणी भिजवतं का?"

गुणवंतीला रडूच फुटलं. नर्सबाईंनी तिला आडोशाला नेऊन सगळं विचारून घेतलं.

"आत भोक पडलंय बाई. मुंबईला मोठ्या इस्पितळात शिवतात. वैशाखाला सहा महिने आहेत, बहुतेक तूच बसशील पाटावर. आणि आधी पाणी पी. न पिऊन लघवीची आग वाढते."

शिवतात! गुणवंतीला आनंद झाला म्हणावं तर ते खोटं. ती मुळापासून हादरली. फाटलेलं जाळं तिचा नवरा जानू एका दुपारात शिवतो, आणि हिनं अकरा वर्षं घोटभर पाण्याला भ्यावं? एका माणसानं सांगू नये? तिला भयंकर संताप आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

घरी आली ती थेट सासूपुढे उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. आवडाबाई दारात मासे साफ करायला बसली होती. गेली कैक वर्षं तिचं ते ठरलेलं काम, दुसऱ्या कुणाला करू देत नसे. तिचे हात थांबले. मग ती भिंतीला धरून उठली. घमेल्यात अजून पाणी ओतलेलं नव्हतं, तरी बसली होती तेवढी जमीन ओली होती.

"जानूच्या येळला मी पन अशीच अडले व्हते," म्हातारी खाली बघत म्हणाली. "माजं पन शिवतील काय गो?"